बीज एकीचं, गर्भ दुसरीच्या पोटात: परदेशात उपचार घेण्याबद्दल माहिती हवी आहे

रानजाई

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा मात्र पहिल्यांदाच काढते आहे.

मी मूळची साताऱ्याची, आता म्युनिकला स्थायिक. माझी बायको इथलीच, जर्मन. आमचं लग्न रीतसर नोंदवलेलं आहे (जर्मनीत ऑक्टोबर २०१७ पासून दोन स्त्रियांना लग्न करता येतं). आम्हाला मूल हवं आहे आणि ते शरीरानेही दोघींचं असावं अशी इच्छा आहे. म्हणजे स्त्रीबीज माझं, दात्याच्या शुक्राणूंनी प्रयोगशाळेत फलन, आणि गर्भ तिच्या पोटात वाढवायचा. युरोपात ह्या उपचाराला 'रोपा' म्हणतात.

अडचण अशी की जर्मनीत हे होत नाही. १९९१ पासून लागू असलेल्या भ्रूणसंरक्षण कायद्यानुसार एका स्त्रीचं बीज दुसरीच्या शरीरात ठेवणाऱ्या डॉक्टरला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बीज देणारीला आणि घेणारीला शिक्षा नाही, पण डॉक्टर कशाला जोखीम घेतील? त्यामुळे इथली जोडपी स्पेनला किंवा पोर्तुगालला जातात.

आम्हाला निवडायचं आहे ते देश. आणि थोडं हेही की पोटात कोणी वाढवायचं, कारण माझीही गरोदर राहण्याची तयारी आहे. इच्छा आहे म्हणून एक ठरवलं असलं तरी वैद्यकीय कारणाने उलट करावं लागलं तर चालेल. ज्यांनी हे केलं आहे किंवा ज्यांना ह्यातलं कळतं त्यांनी मोकळेपणाने लिहा. करावं की करू नये हे आम्ही ठरवून झालं आहे, तेवढं सोडून सगळं चालेल.

सांजवारा

अभिनंदन, आणि धागा काढलास हे फार बरं केलंस. मराठीत ह्यावर काही सापडत नाही.

आम्ही ब्रिटनमध्ये आहोत आणि आमचा मुलगा असाच झाला. बीज माझ्या बायकोचं, बाळंतपण माझं. आम्हाला देशाबाहेर जावं लागलं नाही कारण इथे २००८ च्या कायद्याने दोघींना पालक मानलं आहे. लग्न झालेलं असेल आणि उपचार परवानाधारक दवाखान्यात झाला असेल तर जन्मदाखल्यावर पहिल्या दिवसापासून दोघींची नावं येतात. बाळंत झालेली 'आई' आणि दुसरी 'पालक'. माझ्या बायकोला हा 'पालक' शब्द अजूनही टोचतो, कारण नाक-डोळे सगळे तिचे आहेत! पण अधिकार पूर्ण आहेत, शाळेत, दवाखान्यात, पासपोर्टला कुठेही अडत नाही.

उपचाराबद्दल एवढंच सांगते की दोघींच्या वाट्याला वेगवेगळा त्रास येतो. पोटात इंजेक्शनं घेण्याचं आणि भुलीखाली बीजं काढण्याचं तिच्याकडे होतं, आणि गोळ्या, प्रोजेस्टेरॉन आणि निकालाची वाट बघणं माझ्याकडे. ट्रान्सफर, म्हणजे भ्रूण पोटात सोडणं, अपयशी ठरला तेव्हा मला वाटायचं माझ्या शरीराने तिचं बीज वाया घालवलं, आणि तिला वाटायचं तिचं बीजच कमअस्सल होतं. एकमेकींना दोष न देता दोघी आतून स्वतःलाच दोष देत होतो. हे आधीच बोलून ठेवा. समुपदेशन फुकट मिळत असेल तर नक्की घ्या.

मेतकूट

मी पुण्यात भ्रूण प्रयोगशाळेत काम करते. भारतात हा उपचार होत नसला तरी त्यातली प्रत्येक पायरी आमच्याकडे रोजची आहे, म्हणून त्या बाजूने लिहिते.

हे नेहमीचंच आयव्हीएफ आहे, फक्त दोन शरीरांत वाटलेलं. बीज देणारीला साधारण दहा-बारा दिवस हार्मोन्सची इंजेक्शनं, मधूनमधून सोनोग्राफी, शेवटी बीजं पक्व करणारं ट्रिगरचं इंजेक्शन आणि त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी बीजं काढणं. दरम्यान गर्भ वाढवणारीला इस्ट्रोजेन देऊन गर्भाशयाचं अस्तर तयार करतात. ते सात-आठ मिलिमीटरच्या पुढे गेलं की प्रोजेस्टेरॉन सुरू, आणि पाचव्या दिवसाचा भ्रूण, म्हणजे ब्लास्टोसिस्ट, आत सोडतात. दोघींच्या पाळ्या जुळवत बसायची आता गरज राहिलेली नाही. भ्रूण गोठवून ठेवायचे आणि दुसरीची तयारी सवडीने करायची. बाहेरगावाहून येणाऱ्यांना हे फार सोयीचं पडतं, कारण दोघींनी एकाच वेळी रजा काढून राहायला नको.

पोटात कोणी वाढवायचं ह्याचं उत्तर भावनेआधी वयाला विचारा. यश मुख्यतः बीज देणारीच्या वयावर ठरतं. पस्तिशीनंतर ते उतरत जातं, चाळिशीनंतर झपाट्याने. गर्भाशय बऱ्याच मोठ्या वयापर्यंत साथ देतं, पण वय वाढलं की गरोदरपणातला रक्तदाब आणि मधुमेह ह्यांची शक्यता वाढते. दोघींची एएमएच चाचणी आणि अँट्रल फॉलिकलची सोनोग्राफी करून घ्या (बीजांचा साठा किती उरला आहे ते त्यातून कळतं) आणि मग ठरवा.

दुसरं म्हणजे, दुसऱ्या स्त्रीच्या बीजापासून राहिलेल्या गर्भात प्रीएक्लॅम्प्शियाचं (गरोदरपणात रक्तदाब धोकादायक वाढण्याचं) प्रमाण स्वतःच्या बीजापेक्षा जास्त दिसतं. तुमच्या बाबतीतही गर्भ तिच्या शरीराला जनुकांनी पूर्ण परकाच असणार. घाबरायचं कारण नाही, पण म्युनिकच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत खरं सांगा. ते रक्तदाबावर नीट लक्ष ठेवतील, गरज वाटली तर कमी मात्रेतलं ॲस्पिरिन सुरू करतील. कायद्याच्या भीतीने 'आपोआप राहिलं' असं सांगणाऱ्या बायका असतात, त्याने धोका वाढतो. वर तुम्हीच लिहिलं आहे की शिक्षा तुम्हाला नाही.

आणि एकच भ्रूण ठेवा. जुळ्यांचा मोह नको.

उंबरठा

मी साठीची बाई आहे, तुमच्या मानाने जुन्या वळणाची. माझी मुलगीही तिकडे एका मुलीबरोबर राहते आणि त्यांच्याही घरात हीच चर्चा चालू आहे असं तिच्या बोलण्यातून कळतं. म्हणून वाचते आहे. मला खरंच समजून घ्यायचं आहे, टीका म्हणून नाही. ह्यात पोटात वाढवणारीचा मुलावर रक्ताचा काही अंश असतो का? की नुसतं जपून ठेवल्यासारखं? आणि उद्या दोघींचं बिनसलं तर मूल कोणाचं?

मेतकूट

उंबरठा ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. मुलाचा डीएनए बीज आणि शुक्राणू ह्यांच्यातूनच येतो, वाढवणारी तो बदलत नाही. पण नुसतं जपून ठेवणंही नाही. गर्भाशयातलं पोषण, हार्मोन्स, ताणतणाव ह्यांचा परिणाम बाळाची जनुकं कशी काम करतात ह्यावर होतो. शिवाय बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि कितीतरी वर्षं तिच्या शरीरात सापडतात, आणि आईच्या बाळात. दोन्ही नाती शरीराचीच आहेत, प्रकार वेगळा.

कृष्णाकाठ

मी सांगलीत वकिली करते, कौटुंबिक दावे जास्त. दुसऱ्या प्रश्नासाठी कॅलिफोर्नियातला एक खटला सांगायलाच हवा. एकीने बीज दिलं, दुसरीने १९९५ मध्ये जुळ्या मुलींना जन्म दिला. दोघी एकाच घरात राहत होत्या, मुलींना दोघींनी वाढवलं. पण बीज देताना दवाखान्याने पुढे केलेल्या छापील अर्जावर पहिलीने सही केली होती की होणाऱ्या मुलांवर माझा काही हक्क नाही. २००१ मध्ये दोघी वेगळ्या झाल्या आणि जन्म देणारीने म्हटलं, ही तर फक्त दाती. खालच्या दोन्ही कोर्टांनी तो अर्ज प्रमाण मानला. ऑगस्ट २००५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला: आपल्याच घरात वाढवण्यासाठी जोडीदाराला बीज देणारी ही त्रयस्थ दाती नव्हे, दोघीही आया. फ्लोरिडात २०१३ मध्ये जवळजवळ असाच निकाल लागला.

मुलींची शाळेतली पहिली वर्षं त्या भांडणात गेली. एका छापील अर्जापायी. म्हणून रानजाई, तुझ्या प्रश्नात जे नाही तेच मी विचारते: बाळ जन्मल्या दिवशी जर्मन कायद्याच्या नजरेत तू कोण असशील?

जर्मन नागरी संहितेत कलम १५९१ आहे. मुलाची आई म्हणजे त्याला जन्म देणारी स्त्री. बस्स. बाप ठरवायला पुढचं कलम आहे, त्यात जन्म देणारीशी लग्न झालेला पुरुष आपोआप बाप होतो, मग जनुकं कोणाची का असेनात. बायकोची बायको मात्र त्या कलमात नाही. म्हणजे बीज तुझं, मूल तुझ्या हाडामांसाचं, आणि तरी तुला ते दत्तक घ्यावं लागेल. स्पेनच्या दवाखान्यात सही केलेली संमतीपत्रं तिथल्या कायद्यापुरती. मूल जर्मनीत जन्मून तिथेच राहणार तर आई कोण हे जर्मन कायदाच ठरवणार.

रानजाई

कृष्णाकाठ, दत्तक घ्यावं लागतं हे माहीत होतं. शुक्राणू दात्याचे घेऊन एकीने गरोदर राहिलेल्या इथल्या मैत्रिणींनीही तेच केलं आहे. पण आपलंच बीज असताना युवककल्याण खात्याच्या बाईंना घर दाखवायचं, पगाराच्या पावत्या द्यायच्या, 'मुलाशी तुमचं नातं कसं आहे' ह्यावर लिहून द्यायचं, ह्याचा विचार केला की पोटात तुटतं. २०२१ मध्ये त्सेले शहरातल्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य आहे असं म्हणून प्रश्न घटना न्यायालयाकडे पाठवला, पण आम्हाला तोवर थांबणं शक्य नाही.

कृष्णाकाठ

तुटतं ते कळतं. अपमानच आहे तो. पण कर, आणि लवकर कर. जन्म देणारीची दत्तकासाठीची संमती बाळ आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय घेता येत नाही आणि पुढे कोर्टाला लागतील तितके महिने. मधल्या काळात तुझ्या बायकोला काही झालं तर तू मुलाची कोणीच नसशील. म्हणून प्रसूतीच्या आधीच नोटरीकडे जाऊन तिच्याकडून अधिकारपत्र घ्या आणि तिच्या मृत्युपत्रात पालक म्हणून तुझं नाव घाला. दत्तकाच्या अर्जाचे कागदही गरोदरपणातच तयार ठेवा.

तू भारतीय पासपोर्टवर आहेस असं धरून आणखी एक. बाळंतपण तिचं झालं तर मूल जन्मतः जर्मन, प्रश्न मिटला. तुझं झालं तर तुझं जर्मनीतलं कायदेशीर वास्तव्य पाहावं लागेल. २०२४ च्या सुधारणेनंतर पालकाची पाच वर्षं पुरतात, पण कायम राहण्याचा परवानाही लागतो; दोन्ही असेल तर तिथेही अडणार नाही. पण दोन्ही वाटांवर दत्तक चुकत नाही, फक्त कोणी घ्यायचं ते बदलतं.

नागरिकत्वाला हलकं समजू नका. बल्गेरियाची एक आणि ब्रिटिश एक अशा दोघींची मुलगी २०१९ मध्ये स्पेनमध्ये जन्मली. स्पेनने दोघींना आई म्हणून दाखला दिला. बल्गेरियाची राजधानी सोफिया, तिथल्या महापालिकेने विचारलं, ह्यातली खरी आई कोण ते सांगा, नाहीतर दाखला मिळणार नाही. त्या सांगेनात. मुलीकडे कुठल्याच देशाचा कागद नाही अशी वेळ आली. डिसेंबर २०२१ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की मुलीला ओळखपत्र द्यावंच लागेल आणि दोघींबरोबर युरोपभर फिरण्याचा तिचा हक्क मानावा लागेल. पण बल्गेरियाने दोघींना आपल्या नोंदवहीत आया म्हणून लिहावं असं काही त्या न्यायालयाने म्हटलं नाही.

टाकळा

माझं मत थोडं टोचेल, पण लिहिते. मी दत्तक आहे. आईबाबांनी मला लहानपणीच सांगितलं, प्रेमात कधीच कमी पडले नाहीत. तरी डॉक्टरांच्या फॉर्मवर 'घरात कोणाला मधुमेह, कर्करोग?' हा रकाना आला की मी आजही कोरा सोडते. संस्थेकडे जन्मदात्रीची नोंद अशी नव्हतीच. माझ्या मुलीच्या वेळी गरोदर असताना तो रकाना मला फार जड गेला.

इथे सगळी चर्चा दोन आयांची चालली आहे. तिसरा माणूस आहे ना? तो दाता. स्पेनमध्ये शुक्राणुदाता निनावी असतो, कायद्यानेच. मुलाला त्याची सर्वसाधारण माहिती मिळते. ओळख फक्त जिवावर बेतलं तर, आणि तीही मर्यादित. तुम्ही दोघी आपापलं शरीराचं नातं असावं म्हणून एवढा खटाटोप करणार. मग मुलालाही तेच महत्त्वाचं वाटू शकेल हे मान्य करायला नको का?

सांजवारा

टाकळा, टोचलं नाही, पटलं. ब्रिटनमध्ये एप्रिल २००५ पासून निनावी दान बंद आहे. अठरा वर्षांचं झालं की मूल दात्याचं नाव मागू शकतं. आमच्या मुलाला आम्ही आत्तापासून सांगतो की एका काकांनी मदत केली, ते कोण हे तू मोठा झालास की विचारू शकशील. एका दात्याकडून दहापेक्षा जास्त कुटुंबं नाहीत हीही मर्यादा आहे. पण ती देशापुरती. २०२५ मध्ये उघडकीला आलं की डेन्मार्कमधल्या एका बँकेच्या एकाच दात्यापासून अनेक देशांत मुलं झाली, आणि त्याच्या काही शुक्राणूंत कर्करोगाचा धोका खूप वाढवणारा जनुकदोष होता. आपल्या दवाखान्याला विचारा, दाता कुठल्या बँकेचा आणि जगभरात किती कुटुंबांची मर्यादा आहे.

रानजाई

टाकळा, खूप आभार. हे आम्ही 'नंतर बघू' म्हणून ठेवलं होतं. आज जेवताना तुमचा प्रतिसाद मी बायकोला जर्मनमध्ये वाचून दाखवला. ती म्हणाली, जर्मनीत २०१८ पासून दात्यांची सरकारी नोंदवही आहे, इथे जन्मलेल्या दुसऱ्या मुलांना जो हक्क आहे तो आपल्या मुलाला आपण का नाकारायचा?

स्पेनकडे आमचा ओढा होता तो तिथल्या अनुभवामुळे. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनीच २०१० मध्ये ह्या उपचारावर पहिल्यांदा शास्त्रीय लेख लिहिला होता. पण पोर्तुगालमध्ये २०१६ च्या कायद्याने सगळ्या स्त्रियांना उपचार खुले झाले आणि २०१८ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने दात्याचं निनावीपण रद्द केलं. रोपा तिथेही होतो. आता लिस्बनकडे कौल जातो आहे.

पिंपळपान

धागा वाचते आहे, रडूही येतं आहे. आम्ही कोल्हापुरात आहोत, दोघी नोकरी करतो, 'मैत्रिणी' म्हणून एकत्र राहतो. आम्हाला भारतात ह्यातलं काही शक्य आहे का? किंवा परदेशात जाऊन उपचार घेऊन परत यायचं?

कृष्णाकाठ

पिंपळपान, गोड बोलून फसवणार नाही.

२०२१ च्या सहाय्यक प्रजनन कायद्यात जोडपं म्हणजे विवाहित नवरा-बायको. मात्र त्याच कायद्यात २१ ते ५० वयाच्या एकट्या स्त्रीला दात्याचे शुक्राणू घेऊन उपचार घेता येतात. म्हणजे तुमच्यातली एक, एकटी म्हणून, स्वतःच्या बीजाने आई होऊ शकते. दुसरीचं बीज घेणं नाही, कारण दातीची निवड बँकेमार्फत होते, आपल्या माणसाची नाही.

परदेशात करून आलात तरी इथे आल्यावर जन्म देणारी तेवढी आई. दुसरीला दत्तकही घेता येत नाही. ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विवाहाची मान्यता नाकारली, आणि अविवाहित जोडप्यांना एकत्र दत्तक घेऊ देण्याचा मुद्दा तीन विरुद्ध दोन असा हरला. फेरविचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या.

हातात आहे ते असं. जन्म देणारी हिंदू असेल तर १९५६ च्या पालकत्व कायद्याखाली लग्नाबाहेर झालेल्या मुलाची नैसर्गिक पालक तीच, आणि ती मृत्युपत्राने पुढचा पालक नेमू शकते. ते मृत्युपत्र गरोदरपणातच करा. पासपोर्टच्या अर्जात डिसेंबर २०१६ पासून एकाच पालकाचं नाव पुरतं. विम्याचं, बँकेचं वारस म्हणून दुसरीचं नाव लावा. ही ठिगळं आहेत, मला ठाऊक आहे. मला ह्या कायद्याचा राग येतो आणि अशिलांसमोरही मी तो लपवत नाही. विपु केली आहे (तुमच्या विचारपुशीत निरोप ठेवला आहे), मृत्युपत्राचा मसुदा मी करून देईन, फी नको.

उंबरठा

पिंपळपान, तुम्ही कोल्हापुरात कुठे? मी मिरजेला असते. बाळंतपणात कोणी मोठं माणूस लागलं तर मला सांगा. हे नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाहीये.

माझ्या मुलीला मी काल फोन करून विचारलं, तुमच्यातलं कोण बीज देणार. ती क्षणभर गप्पच झाली. मग तासभर बोललो.

पिंपळपान

उंबरठा काकू, कृष्णाकाठ ताई, काय लिहू. विपु पाहिली. आज रात्री सविस्तर लिहिते.

मेतकूट

रानजाई, दोन गोष्टी राहिल्या होत्या. बीज तुझं असणार तर रक्ताची एचपीएलसी चाचणी (हिमोग्लोबिनमधले दोष शोधणारी) कर. आपल्याकडे थॅलेसेमियाचे वाहक कमी नाहीत, विदर्भात सिकलसेलचेही. युरोपातले दवाखाने वाहक चाचण्या करतात, पण तू भारतीय आहेस हे स्वतःहून सांग. तू वाहक निघालीस तर दाता थॅलेसेमिया, सिकलसेल अशा हिमोग्लोबिनच्या कुठल्याच दोषाचा वाहक नाही हे पाहून घ्या.

दुसरं, बातम्यांत एक कुपी दिसेल, भ्रूण पहिले काही दिवस त्यात घालून बीज देणारीच्याच शरीरात ठेवतात आणि मग दुसरीच्या गर्भाशयात. टेक्सासमध्ये २०१८ च्या सुमारास आणि नंतर स्पेनच्या मायोर्का बेटावर अशी बाळं झाली. दोघींनी 'पोटात ठेवलं' हे समाधान मी समजू शकते, पण त्याने गर्भ राहण्याची शक्यता वाढते म्हणून ते करू नका. प्रयोगशाळेतला चांगला इनक्युबेटर पुरतो.

रानजाई

मंडळी, आमचं ठरलं. पोर्तुगाल. बीज माझं, बाळंतपण तिचं. खर्चाचं विचारणाऱ्यांसाठी: औषधं, गोठवण, प्रवास सगळं धरून आम्ही दहा हजार युरोच्या पुढची तयारी ठेवली आहे आणि एकदाच जमेल असं गृहीत धरलेलं नाही. एचपीएलसीसाठी इथल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतली. नोटरीची वेळ दवाखान्याच्या आधी मागितली आहे.

कृष्णाकाठ

छान. आता दवाखान्याचं संमतीपत्र येईल तेव्हा उरलेल्या गोठवलेल्या भ्रूणांचं कलम नीट वाचा. वेगळ्या झालात किंवा एक गेली तर ते कोणी वापरायचे, कोणाच्या संमतीने. आणि तुझ्या नावापुढे 'दाती' असं छापलेलं असेल तर सही करण्याआधी 'जोडीदार आणि होणाऱ्या मुलाची पालक' असं लिहून मागा. त्याची प्रत दत्तकाच्या अर्जाला जोडता येईल.

रानजाई

हे अजिबात सुचलं नसतं. पोर्तुगीजमधली प्रत आणि शपथबद्ध भाषांतर दोन्ही मागवते. कागद आले की ते कलम काय म्हणतं ते इथेच लिहीन, म्हणजे पुढच्या कोणाला उपयोग होईल.